अकीक : वस्तू आणि शब्द

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने दगडावर लेख लिहावा, हे प्रथमदर्शनी काहीसे चमत्कारिक वाटेल. परंतु ज्या शब्दाने निर्दिष्ट होणारी वस्तू आपण कधी हाताळून पाहिली नाही, त्या शब्दाचा अर्थ आपण जाणतो असे म्हणणे हे धाडसच होय. शब्दाचा इतिहास वस्तूच्या इतिहासापासून तोडून लिहिला की काय घडते, याचे ‘गोमेद’ हा शब्द चांगले उदाहरण आहे. सराफाच्या दुकानात गोमेद म्हणून जो खडा दाखविला जातो तो मधाच्या किंवा गोमूत्राच्या रंगाचा, पारदर्शक, नवरत्नांपैकी एक आणि राहूचे रत्न म्हणून अंगठीत बसविला जाणारा असतो. प्राचीन वसाहतींच्या उत्खननाविषयीचा एखादा लेख उघडावा, तर तेथेही ‘गोमेदाचे मणी’ भेटतात. पण हे मणी दुधी, करड्या किंवा तांबूस रंगाच्या, अंगावर पट्टे असलेल्या आणि जेमतेम उजेड आरपार जाऊ देणाऱ्या अशा एका सर्वस्वी निराळ्या दगडाचे असतात. हिंदीतील पुरातत्त्वविषयक लेखनात ‘ॲगेट’ या इंग्रजी संज्ञेसाठी गोमेद हा शब्द वारंवार योजला गेला आणि भाषांतराच्या वाटेने तो मराठीतही अधूनमधून दिसू लागला. परिणाम असा की, हडप्पा संस्कृतीतील लोक गोमेदाचे मणी वापरीत, हे वाक्य वाचणारा विद्यार्थी त्या काळी नवरत्नांची व ग्रहपीडेच्या परिहाराची कल्पना होती असे अनुमान काढण्यास मोकळा होतो. अनुमान साफ चुकीचे आहे. परंतु दोष विद्यार्थ्याचा नाही, शब्द योजणाऱ्याचा आहे.

या पट्टेदार दगडाला मराठीत अकीक हे नाव आहे. तो कशाचा बनलेला असतो, त्यावरील पट्टे कसे उमटतात, माणसाने त्याचा काय उपयोग केला, हे आधी पाहू. नावांचा निवाडा त्यानंतर आपोआपच सोपा होतो.

अकीक म्हणजे सिलिका. आपल्या परिचयाची पांढरी गार, नदीतील वाळूचे चकाकणारे कण, पूजेतला स्वच्छ स्फटिक ही सर्व याच द्रव्याची रूपे होत. भेद रचनेचा आहे. स्फटिकात सिलिकेचे कण एका शिस्तीने रचले जाऊन मोठे, सहा पैलूंचे खडे तयार होतात. अकीकात हेच द्रव्य इतक्या सूक्ष्म तंतूंच्या रूपाने असते की, ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. उत्तम सूक्ष्मदर्शकाखाली मात्र हे तंतू पट्ट्यांना काटकोनात, दाट उभ्या पिकासारखे ओळीने लागलेले आढळतात. अशा सूक्ष्मतंतुमय सिलिकेला खनिजशास्त्रात कॅल्सेडनी म्हणतात आणि पट्टेदार कॅल्सेडनी म्हणजेच अकीक. त्याची कठिनता मोस यांच्या श्रेणीत साडेसहा ते सात भरते, म्हणजे पोलादाच्या चाकूने त्यावर ओरखडा उठत नाही, उलट काचेवर मात्र तो सहज ओरखडा काढतो. त्याचे विशिष्ट गुरुत्व सुमारे २·६ आहे. फोडला असता तो शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा वक्र फुटतो व त्याच्या कडा वस्तऱ्यासारख्या धारदार निघतात. तुटलेल्या पृष्ठावर मेणासारखी मंद चमक असते; घासून घोटला म्हणजे मात्र ती काचेसारखी होते. तंतूंच्या फटींतून थोडे पाणी अडकलेले असते आणि काही पट्टे इतरांपेक्षा अधिक सच्छिद्र असतात. ही शेवटची गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण अकीकाला रंग देण्याचा सारा व्यापार तिच्यावर उभा आहे.

आता हा दगड बनतो कसा? या प्रश्नाचा विचार करण्यास पन्हाळ्याचा डोंगर सोयीचा आहे. पन्हाळा अकीकासाठी प्रसिद्ध नाही; तेथे त्याची खाण नाही. परंतु सिलिका खडकातून कशी निघते आणि कोठे जाते, ही प्रक्रिया तेथे एका चढणीत समजावून देता येते. कोल्हापूरहून वायव्येस सुमारे वीस किलोमीटर गेले की, समुद्रसपाटीपासून सुमारे ९७५ मीटर उंचीचा हा गड लागतो. शिलाहार राजा दुसरा भोज याने बाराव्या शतकाच्या अखेरीस येथे दुर्ग बांधला. जयराम पिंड्ये याने १६७३ साली रचलेल्या संस्कृत काव्यात त्याचे नाव पर्णालपर्वत असे येते. डोंगराच्या उतारावर दिसतो तो काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट. माथ्यावर मात्र तांबडा, सच्छिद्र जांभा आहे. शेजारच्या मसाई पठारावरही तोच. रंगाने, वजनाने, स्पर्शाने हे दोन खडक इतके भिन्न आहेत की, जांभा हा मूळच्या काळ्या कातळापासूनच झालेला आहे यावर सहसा कोणाचा विश्वास बसत नाही.

बेसाल्टच्या वजनापैकी जवळजवळ निम्मा भाग सिलिकेचा असतो. पण ती मोकळी नसते, लोह, ॲल्युमिनियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम यांच्याशी बांधलेली असते. मुसळधार पाऊस व त्यामागून कोरडा उन्हाळा अशा हवामानात लक्षावधी वर्षे कातळ कुजत राहिला की, पाण्याबरोबर सिलिका आणि इतर विद्राव्य द्रव्ये निघून जातात. मागे उरतात ती लोहाची व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे. लोहामुळे जांभा तांबडा होतो, आणि जेथे ॲल्युमिनियमचे प्रमाण फार वाढते तेथे बॉक्साइट मिळते. कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेकडील पठारांवर ते आहेच. सिलिका अगदी अविद्राव्य आहे अशी आपली समजूत असते. रोजच्या व्यवहारात ती खरी आहे, भूशास्त्राच्या कालमानात ती खोटी ठरते. जांभ्याचा प्रत्येक चिरा याची साक्ष देतो.

जांभा ही सिलिका निघून गेल्याची खूण, तर अकीक ही सिलिका येऊन साचल्याची खूण, असे म्हणता येईल. मात्र पन्हाळ्याच्या माथ्यावरून निघालेली सिलिकाच खाली झिरपून अकीक झाली, असा सरळ अर्थ कोणी घेऊ नये. दख्खनच्या कातळातील बहुतेक अकीक त्याहून पुष्कळ आधीच्या घडामोडींचे फळ आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे प्रवाह एकावर एक पसरत गेले. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश त्यांनी व्यापलेला आहे. लाव्हा थिजत असता त्यातील वायू वर येऊ पाहत आणि थराच्या वरच्या भागात बुडबुड्यांच्या रूपाने अडकून पडत. भाकरीच्या पिठातील बुडबुडे भाजताना जसे घट्ट होतात, तशा या पोकळ्या कायमच्या राहिल्या. पुढे प्रवाहांतून खेळणाऱ्या ऊन पाण्याने आसपासच्या काचमय, अस्थिर भागातून सिलिका विरघळवून घेतली व ती या पोकळ्यांत आणून सोडली. हे सारे दोनशे अंश सेल्सियसच्या आतल्या, पुष्कळदा त्याहून बऱ्याच कमी तपमानात घडते. म्हणजे अकीक लाव्ह्याच्या पोटात सापडत असला तरी तो आगीचे अपत्य नव्हे, पाण्याचे आहे. याच पोकळ्यांत इतर द्रव्ये साचली म्हणजे झिओलाइट व कॅल्साइट यांचे सुंदर स्फटिक तयार होतात. नाशिक-पुणे भागातील असे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत गेले आहेत आणि सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते पाहावयास मिळतात.

पट्टे का पडतात, हा प्रश्न अधिक बिकट आहे. अकीकाचा गोटा मधोमध कापला तर बाहेरचा पट्टा पोकळीच्या भिंतीला जसाच्या तसा चिकटलेला दिसतो. भिंतीला कोपरा असेल तर पट्ट्यालाही कोपरा. त्याच्या आत दुसरा, त्याच्या आत तिसरा. तटाच्या आत तट असलेल्या गडाचा आराखडाच वरून पाहावा, तसे हे दिसते. एका सेंटिमीटरमध्ये असे शेकडो पट्टे असू शकतात. मध्यभागी जागा उरली तर तेथे पैलूदार स्फटिक वाढतात, किंवा नुसती पोकळी राहते. काही गोट्यांत मात्र पट्टे भिंतीला अनुसरत नाहीत. भांड्यात गाळ बसावा तसे ते आडवे व समपातळीत असतात. लाव्ह्याच्या प्रवाहात असा गोटा जागच्या जागी सापडला तर त्या आडव्या रेषांवरून, तो बनला तेव्हा खडकाची पातळी कोणत्या बाजूस होती हे कळू शकते.

याची सर्वात साधी उपपत्ती अशी की, सिलिकायुक्त पाणी पोकळीत वारंवार शिरले आणि प्रत्येक वेळी एक पापुद्रा बसला. परंतु एवढे सूक्ष्म व इतके नियमित शेकडो पापुद्रे शेकडो स्वतंत्र पुरांनी यावेत, हे पटण्यासारखे नाही. जर्मन रसायनशास्त्रज्ञ राफाएल लीझेगांग याने १८९६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. पोटॅशियम डायक्रोमेट मिसळलेल्या जिलेटिनच्या थरावर सिल्व्हर नायट्रेटचा थेंब ठेवला असता त्याच्याभोवती एकसंध डाग न पडता एकात एक अशी वर्तुळे उमटतात. बाहेरून कोणी काही आवर्तने घडवीत नाही. द्रव्य पसरणे व साका बसणे या दोहोंच्या परस्परांवरील परिणामाने पट्टे स्वतःच पडतात. १९१५ मध्ये त्याने अकीकावर स्वतंत्र ग्रंथ लिहून हेच तत्त्व तेथे लावले. पोकळी आधी सिलिकेच्या लगद्याने भरते व रंगद्रव्ये तीत पसरताना पट्टे उमटतात, असे त्याचे म्हणणे होते. आज ते जसेच्या तसे मान्य केले जात नाही, कारण पट्ट्यांतील भेद केवळ रंगाचा नसून तंतूंच्या जाडीचा व रचनेचाही आहे. परंतु आवर्तन बाहेरून न येता द्रव्य घट्ट होण्याच्या क्रियेतूनच उपजू शकते, हा त्याच्या विचारातील गाभा पुढील अभ्यासकांनी टाकलेला नाही. वाद अजून चालू आहे आणि प्रयोगशाळेत खराखुरा अकीक बनविता येईपर्यंत तो चालू राहील.

बेसाल्ट कुजतो, अकीक कुजत नाही. कातळाची माती झाली की हे गोटे सुटे होतात आणि ओढ्यानाल्यांतून मोठ्या नद्यांच्या वाळूत येतात. गोदावरी व तिच्या उपनद्यांच्या काठी हा माल अनायासे गोळा करता येत असे, आणि याच गोष्टीने महाराष्ट्राला या दगडाच्या व्यापारात प्राचीन काळी स्थान मिळवून दिले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतील व्यापारवृत्तांतात पैठणहून भडोचच्या बंदराकडे मोठ्या प्रमाणात येणाऱ्या मालाचे नाव दिले आहे ते ओनिक्स या दगडाचे; तेरहून कापड येई. गाड्यांतून हा माल बिकट वाटांनी भडोचला जाई व तेथून जहाजात चढे. ओनिक्स हा अकीकाचाच, सरळ व ठळक पट्ट्यांचा प्रकार. या शब्दापाशी थोडे थांबणे आवश्यक आहे. ग्रीकमध्ये ओनिक्सचा मूळ अर्थ ‘नख’. नखावरील फिकट चंद्रकोर व तिच्या पुढचा गुलाबी भाग यांचे साम्य पाहून दगडाला हे नाव मिळाले. आणि ग्रीक ‘ओनिक्स’ व संस्कृत ‘नख’ हे दोन्ही शब्द एकाच आदिम इंडो-युरोपीय धातुरूपापासून आलेले आहेत. पैठणच्या बाजारातील तो दगड ग्रीक व्यापारी ज्या शब्दाने ओळखत, त्याचा सख्खा भाऊ तेथील विक्रेत्याच्या बोलीत होता, पण तो नखालाच लागू होता, दगडाला नव्हे.

कोल्हापूरकरांना या व्यापाराचा पुरावा आपल्याच गावात पाहता येतो. पंचगंगेच्या काठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या वतीने ह. धी. सांकलिया व मोरेश्वर दीक्षित यांनी उत्खनन केले. त्याचा अहवाल १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधीच तेथे सापडलेल्या कांस्यवस्तूंत समुद्रदेव पोसायडनची रोमन घाटाची लहान मूर्ती होती, ती टाउन हॉलमधील संग्रहालयात आहे. तिच्याकडे सर्वांचे लक्ष जाते, आणि ते स्वाभाविक आहे. परंतु सातवाहनकालीन थरांतून निघालेले अकीकवर्गीय दगडांचे मणी इतिहासाच्या दृष्टीने कमी बोलके नाहीत. मूर्ती बाहेरून आली. मणी हा येथील हातांनी बाहेर पाठविण्याजोगा माल होता. दीक्षित यांनी पुढे मण्यांचा अभ्यास हेच आपले विशेष क्षेत्र केले आणि १९४९ मध्ये त्यांचा भारतातील रेखांकित मण्यांवरील ग्रंथ निघाला. तांबड्या अकीकावर क्षाराच्या लेपाने नक्षी काढून तो भाजला की रेघा पांढऱ्या व कायमच्या होतात. ही विद्या हडप्पाकालापासून ज्ञात होती आणि सिंधमधील सेहवान येथे तिचा अखेरचा अवशेष अर्नेस्ट मॅके याला विसाव्या शतकात एका वृद्ध कारागिराकडून पाहावयास मिळाला.

महाराष्ट्राचा संबंध त्याहूनही जुना आहे. नेवासे, जोर्वे, इनामगाव येथील ताम्रपाषाणयुगीन शेतकरी कॅल्सेडनीची पाती काढून तीच कापण्या-खरवडण्यासाठी वापरीत. तांबे महाग होते, हा दगड नदीत पडलेला होता. शिंपल्यासारखे फुटणे व धार निघणे हे जे गुण आपण वर पाहिले, त्यांचाच हा उपयोग. अकीक दागिना होण्यापूर्वी अवजार होता, ही गोष्ट रत्नशास्त्राचे ग्रंथ क्वचितच सांगतात.

मणी बनविण्याच्या कलेचे हिंदुस्थानातील मुख्य केंद्र म्हणजे गुजरातेतील खंबायत. कच्चा माल मुख्यतः राजपिपळ्याच्या परिसरातील रतनपूर येथून येई. तेथे दख्खनी कातळातून सुटलेले गोटे नंतरच्या काळातील दगडगोट्यांच्या थरांत साठलेले आहेत. खंबायतची कृती अशी : गोटे उन्हात कित्येक दिवस वाळवावयाचे, मग मातीच्या मडक्यांत घालून गोवऱ्यांच्या मंद आचेत भाजावयाचे. दगडातील लोहाची पिवळट संयुगे पाणी गमावून तांबडी होतात आणि मळकट गोट्याचा रसरशीत तांबडा अकीक बनतो. नंतर जमिनीत रोवलेल्या लोखंडी अणीवर दगड टेकवून शिंगाच्या हातोडीने टवके काढावयाचे, सहाणेवर घासावयाचा, आणि शेवटी टोकाला दोन बारीक हिऱ्यांच्या कण्या बसविलेल्या कमानी सामत्याने दोन्ही बाजूंनी भोक पाडावयाचे. भोके मध्यावर अचूक मिळतात, यात कारागिराचे सारे कसब आहे.

या कसबाची किंमत मात्र पैशात मोजली जात नाही. अकीक घासताना उडणारी धूळ म्हणजे निव्वळ सिलिका. तिचे सूक्ष्म कण फुप्फुसात रुतले की तेथे व्रणासारखे तंतू माजतात, श्वास तोकडा होत जातो आणि क्षयरोगाला वाट मिळते. सिलिकोसिस नावाच्या या रोगावर उपचार नाही. धूळ होऊ न देणे हाच उपाय. यंत्राच्या सहाणा आल्यावर काम वेगाने होऊ लागले आणि धूळही वाढली. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने खंबायतच्या कारागिरांची पाहणी करून हा रोग त्यांच्यात असल्याचे दाखवून दिले व धूळ ओढून घेणाऱ्या यंत्रणेचा पुरस्कार केला. घासकाम पुष्कळदा घरातच होत असल्याने त्या धुळीत घरातील बायकामुलेही वावरतात. ज्या गुणाने अकीक टिकाऊ ठरतो, म्हणजे न झिजणे व न विरघळणे, तोच गुण माणसाच्या फुप्फुसात गेल्यावर प्राणघातक होतो. महालक्ष्मीच्या देवळाबाहेरील दुकानांत रंगीत खड्यांची माळ घेताना ही बाजू कोणाच्या ध्यानात येण्याचे कारण नाही, पण अकीकाच्या उपयोगांविषयी लिहिणाऱ्याने ती गाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

युरोपात हाच धंदा जर्मनीतील ईडार व ओबरस्टाइन या जोडगावांत वाढला. तेथील स्वतःचे साठे संपत आले तेव्हा, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, ब्राझील व उरुग्वेचा माल येऊ लागला. त्याचा रंग बेताचा. म्हणून रंगविण्याची कला तेथे फार पुढे गेली. काळा पट्टा हवा असेल तर दगड साखरेच्या किंवा मधाच्या पाकात भिजत ठेवतात आणि मग तीव्र गंधकाम्लात घालतात. सच्छिद्र पट्ट्यांत शिरलेल्या साखरेचा कोळसा होतो, घट्ट पट्टे पांढरेच राहतात. दगड मधात शिजविण्याचा उल्लेख रोमन लेखक प्लिनी यानेही केलेला आहे. भडक निळ्या, जांभळ्या, गुलाबी रंगाचा अकीक दिसला की तो रंगविलेला समजावा. निसर्ग या दगडाच्या बाबतीत करडा, दुधी, तपकिरी व तांबडा यांपलीकडे फारसा जात नाही.

दागिन्यांखेरीज अकीकाचे जे उपयोग आहेत ते बहुतेक त्याच्या कठिनतेवर व गुळगुळीतपणावर अवलंबून आहेत. रसायनशाळेतील अकीकाचा खल विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांना माहीत असतो. त्यात दिलेला नमुना खलाच्या झिजेने दूषित होत नाही. जुन्या सूक्ष्म तराजूंत दांडी ज्या धारेवर तोलली जाई ती धार अकीकाची असे, कारण ती न गंजते, न बोथट होते. आता विजेचे तराजू आल्याने ती अडगळीत गेली. सोनार दागिन्याला ओप आणतो ती ओपणी आणि पोथ्यांचा कागद गुळगुळीत करण्यासाठी वापरला जाणारा घोटा, यांतही हा दगड असे. खळ लावलेला कागद दगडाने किंवा शंखाने घोटल्यावाचून त्यावर बोरूची शाई पसरल्याखेरीज राहत नसे. आपण अक्षराला ‘घोटीव’ म्हणतो व धडा ‘घोटून’ घेतो. या लाक्षणिक अर्थांच्या मागे घासून घासून चकाकी आणण्याची हीच क्रिया उभी आहे.

आता नावांकडे वळू. ‘अकीक’ हा अरबी शब्द, फारसीच्या मार्गे आलेला. त्याच्या मुळाशी चिरणे, भेदणे हा अर्थ आहे. पुराने चिरत नेलेल्या घळीलाही अरबीत तोच शब्द लावतात, आणि मदिनेजवळ त्या नावाची एक प्रसिद्ध घळ आहे. अरबीत हा शब्द विशेषेकरून तांबड्या दगडाला लावतात, आपल्याकडे तो पट्टेदार दगडालाही लागू झाला. ‘ॲगेट’चा उगम निराळाच. सिसिलीतील आखातेस नदीच्या नावावरून ग्रीक लोकांनी दगडाला नाव दिले, त्याचे ते रूपांतर. अकीक आणि ॲगेट यांच्या ध्वनींत जे साम्य भासते ते योगायोगाचे आहे; त्यावरून व्युत्पत्ती रचण्याचा मोह टाळावा. काळ्यापांढऱ्या पट्ट्यांच्या दगडाला ‘सुलेमानी’ म्हणतात, ते सुलेमान पैगंबराच्या नावावरून. खंबायतच्या बाजारातील ‘बाबाघोरी’ हे नाव रतनपूर येथे ज्यांचा दर्गा आहे त्या बाबा घोर या सिद्दी संताचे. आणि मौजेची गोष्ट अशी की, तेथील अकीकधारी थरांना भूशास्त्रज्ञांनी दिलेले बाबागुरू हे नावही त्याच परिसरातून उचललेले आहे.

देशी शब्द म्हणावा तर ‘गार’ व ‘गारगोटी’. कोल्हापूर जिल्ह्यात भुदरगड तालुक्याचे मुख्य गावच गारगोटी नावाचे आहे. मात्र एवढ्या ध्वनिसाम्यावर स्थलनामाची व्युत्पत्ती ठरवू नये. गार म्हणजे पांढरा कठीण दगड, आणि गार म्हणजे आकाशातून पडणारी हिमाची गोळी. ग्रीकमध्येही ‘क्रिस्टल’ या शब्दाचा मूळ अर्थ बर्फ. स्फटिक म्हणजे कायमचे गोठलेले पाणी अशी तेथे समजूत होती. दोन दूरच्या भाषांनी दगड व हिम यांना एकाच शब्दात बांधावे, यात उसनवारी शोधण्याची गरज नाही. डोळ्यांना जे सारखे दिसते त्याला सारखे नाव मिळाले. गारेवर पोलाद आपटून ठिणगी काढण्याच्या साधनाचे नाव ‘चकमक’ हे मात्र तुर्की, आपटणे या अर्थाच्या क्रियापदापासून आलेले. आगपेटी आल्यावर वस्तू गेली, शब्द उरला. आता चकमक उडते ती दोन सैन्यांची किंवा सभागृहातील दोन सभासदांची.

गारगोटी हा शब्द सिलिकेच्या सर्वच प्रकारांना लागू पडत असल्याने पट्टेदार प्रकारासाठी तो पुरेसा नेमका नाही. संस्कृत रत्नपरीक्षेच्या ग्रंथांत रुधिराख्य नावाचे एक रत्न येते व तो तांबडा अकीक असावा असे अभ्यासक मानतात. परंतु तोही पट्ट्यांचा निर्देश करीत नाही. राहिला गोमेद. संस्कृत ग्रंथांत हे नाव गाईच्या मेदाच्या रंगाशी जोडलेले आहे आणि रत्नव्यवहाराची अखंड परंपरा ते एका पिवळसर-तपकिरी, पारदर्शक खड्याला लावत आली आहे. हा खडा गार्नेट कुलातील, कॅल्शियम व ॲल्युमिनियमयुक्त. श्रीलंकेचा माल त्यात नावाजलेला. त्याचे विशिष्ट गुरुत्व सुमारे ३·६, अकीकाचे २·६. म्हणजे अकीक पाण्यात बुडवून तोलला तर त्याचे वजन सुमारे ३८ टक्क्यांनी घटते, गोमेदाचे सुमारे २८ टक्क्यांनीच. द्रव्य वेगळे, रचना वेगळी, उगम वेगळा. समान आहे ती केवळ काही तुकड्यांतील तपकिरी छटा.

तेव्हा सराफी परंपरेतील खड्यासाठीच गोमेद हा शब्द राखून ठेवावा आणि पट्टेदार कॅल्सेडनीला अकीक म्हणावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. अकीक हा शब्द परका आहे, असा आक्षेप येईल. चकमक, कागद आणि शाई हेही परकेच आहेत. पट्टे नसलेल्या तांबड्या प्रकाराला ‘तांबडा अकीक’, सरळ काळ्यापांढऱ्या पट्ट्यांच्या प्रकाराला ‘सुलेमानी अकीक’ म्हटले तर बाजारातील चालू शब्दही वाया जात नाहीत. उत्खननांच्या जुन्या अहवालांचे मराठी अनुवाद होत असताना व संग्रहालयांतील पाट्या नव्याने लिहिल्या जात असताना एवढी काळजी घेणे अवघड नाही. ज्या ठिकाणी मूळ संज्ञा कोणती होती याचा उलगडा होत नसेल तेथे मणी प्रत्यक्ष उजेडासमोर धरून पाहावा, आणि तरीही संशय राहिल्यास तो पाण्यात तोलावा.